बिजागरीवरून उतरवलेलं दार

मी दार बोलतंय. लेखकाच्या खोलीचं, चांगलं जाडजूड लाकडी दार. सध्या मुक्काम जिन्याखाली, भिंतीला टेकून. 'सध्या' म्हणायचं ते आपलं मनाच्या समाधानासाठी.

सुतारानं पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी चौकटीत नीट मावलंच नाही. त्यामुळे कायम अर्धवट उघडं. पण आमच्या लेखकाचं काही अडलं नाही. स्वयंपाकघरात त्याची आई आणि बायको भाजी करपली कुणामुळे यावरून वाद घालायच्या, आणि इकडे याचं पेन धावायचं. आईचं टोचरं वाक्य संध्याकाळपर्यंत गोष्टीतल्या कुणाच्या तरी तोंडी गेलेलं असायचं.

मग त्याच्या कादंबरीचं कौतुक झालं आणि घराला नको ते शहाणपण सुचलं. सुतारानं मला रंधा मारला, बिजागऱ्यांत तेल सोडलं. मी घट्ट बंद व्हायला लागलं. "आता त्यांना त्रास द्यायचा नाही हं!" बायकोनं सगळ्यांना दम भरला. भांडी फडक्यावर ठेवायची, बोलायचं ते कुजबुजत. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा भलताच तोरा चढला होता.

आत मात्र सगळा आनंदीआनंदच होता. तो एक ओळ लिहायचा, खोडायचा, मग माझ्या फळीला कान लावून उभा राहायचा. बाहेर चिडीचूप. त्याचा तापलेला गाल मला लागायचा आणि माझा जीव तुटायचा. पण दाराला स्वतःहून थोडंच उघडता येतं?

एका दुपारी तो बाहेर आला. "प्रकाशकांना कळवून टाक. मी आता लिहिणार नाही. आटलंय सगळं."

बायको मटकन खाली बसली आणि मग जी उसळली! "अहो, दोन वर्षं स्वतःच्या घरात चोरासारखी वावरतेय मी! धड मोठ्यानं हसले नाही, आणि आता म्हणे आटलं!"

आईनं संधी साधली. "आणि मी गं? तुझ्या धाकानं खोकायलासुद्धा गच्चीत जात होते!"

"माझ्या धाकानं? आई, गच्चीत जायचं डोकं तुमचंच!"

लेखक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग तिथंच फरशीवर बसला आणि हाताला लागलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला भराभरा लिहायला लागला. "थांबू नका," तो म्हणाला.

बायकोनं डोळे पुसले आणि त्याला खोलीत नेऊन बसवलं. सवयीनं मला ओढायला गेली, तर तो ओरडला, "नको! दार नको!"

दुसऱ्या दिवशी सुतारानं मला उतरवलं.

आता येणारेजाणारे माझ्यावर ओल्या छत्र्या टेकवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? परवा बायको सुताराला विचारत होती, पुस्तक संपलं की दार परत बसवाल का. क्षणभर मी हरखून गेलं.

पण नको गं बाई. हात जोडायला मला हात नाहीत, तरी ऐक. मला इथंच राहू दे. तो लिहितोय.