सगळ्यांचे अंगठे

सख्ख्या भावानं ताईला इस्त्रीच्या टेबलावरून उठवून मळक्या कपड्यांच्या खोलीत धाडलं, त्या दिवसापासून ताईचं देवाकडे एकच मागणं होतं. ह्याची जिरव, आणि चारचौघांत जिरव. एकट्यात जिरली तर मला काय उपयोग, असंही ती वर म्हणायची.

आमची लाँड्री हॉस्पिटलांची. चादरी, गाऊन, पडदे, डॉक्टरांचे कोट. ताईचं टेबल खिडकीशी होतं आणि ते तिनं कमावलेलं होतं, कुणी आंदण दिलेलं नव्हतं. आई गेल्यावर धाकट्याला तिनंच वाढवलं, त्याच टेबलावर उभं राहून त्याची फी भरली आणि पुढे मॅनेजरबाईंच्या हातापाया पडून त्याला इथं चिकटवला. तो झाला सुपरवायझर. झाल्यावर म्हणाला, कामावर मला भाऊ म्हणू नका, साहेब म्हणा. आम्ही साहेब म्हणायला लागलो. पाठ वळली की काय म्हणायचो ते इथं लिहिता येणार नाही.

इस्त्रीच्या खोलीत फोन न्यायला बंदी होती. वाफेनं फोन खराब होतात, आणि एकदा एकीचा गाऊनबरोबर मशीनमध्ये धुऊन निघाला होता. म्हणून सकाळी आत जाताना सगळ्यांनी दाराजवळच्या स्टीलच्या ट्रेमध्ये फोन ठेवायचे आणि ट्रे साहेबांच्या ताब्यात. ही रीत जुनी. तिचा असा उपयोग करायचं डोकं मात्र साहेबांचंच.

एक दिवस तो एकीचा फोन पंच्यात गुंडाळून आत आला आणि म्हणाला, "अंगठा लाव." त्या बाईच्या दोन्ही हातांत ओली चादर. तिनं अंगठा पुढे केला. मग दुसरीचा फोन घेऊन दुसरीकडे गेला, मग तिसरीकडे. आमचे अंगठे साबणानं आणि सोड्यानं इतके झिजलेले की फोनला पटकन ओळखू येत नसत. तो आपल्या शर्टाला आमचा अंगठा पुसायचा आणि पुन्हा टेकवायचा. काय चाललंय असं कुणी विचारलं नाही. साहेब मागतोय, दिला.

संध्याकाळी फोन हातात आले तेव्हा कळलं की आम्ही सगळ्या गुंतवणूकदार झालोय. 'पहिलं पाऊल' नावाचं अॅप होतं, नवशिक्यांसाठी. आमच्या ओळखपत्रांच्या प्रती ऑफिसात होत्याच, त्या त्यानं वापरल्या. तुमचं ध्येय काय, असा प्रश्न होता, तिथं सगळ्यांच्या नावापुढे त्यानं 'घर' लिहिलं होतं. धोका किती पत्करणार, तर 'मध्यम'. नाव नोंदवल्याबद्दल पडद्यावर एक लाल डबा यायचा, बोट लावलं की उघडायचा आणि आतून कुठल्या तरी कंपनीचा एक शेअर फुकट निघायचा. मला सिमेंट निघालं. आठवडाभर मी भिंतीला टेकून म्हणत होते, जरा बाजूला व्हा, मालकीणबाई आल्यात. घड्या घालणाऱ्या मावशींना जहाजांची कंपनी निघाली. त्या रोज विचारायच्या, "माझं जहाज कुठवर आलं गं?"

फक्त ताईनं अंगठा दिला नाही.

"आधी काय आहे ते सांग," ती म्हणाली.

"ताई, तुला नाही कळायचं."

"मग अंगठापण नाही मिळायचा."

आम्ही हसलो. हसायला नको होतं, पण हसू फुटलं. तो लाल झाला. सोमवारी नोटीस लागली, ताई मळक्या खोलीत आणि तिच्या टेबलावर त्याच्या बायकोची मावसबहीण.

मळकी खोली म्हणजे काय ते सांगते. हॉस्पिटलातून गाठोडी जशी येतात तशी तिथं सुटतात. रक्त वेगळं, उलटी वेगळी, आणि त्याहून वाईट ते वेगळं. चादरीत सुई राहिलेली असते, ती हातमोज्यातून टोचते. वास केसांत बसतो, धुतला तरी जात नाही. ताईचा नवरा भला माणूस, एका शब्दानं बोलला नाही, पण जेवायला बसताना खिडकी उघडायला लागला. ताई म्हणाली, त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

भावाला दर माणसामागे बक्षीस मिळत होतं आणि त्यावर त्याची भूक भागत नव्हती. ज्याची माणसं सगळ्यात जास्त, त्याला चारचाकी, अशी कंपनीची घोषणा होती. त्यानं सासुरवाडीला गाडीचा रंगसुद्धा सांगून टाकला होता. अट एकच, मोजणी होईपर्यंत आमचे शेअर विकले जाता कामा नयेत. "एकीनं जरी विकलं तरी माझा आकडा उतरतो," असं तो रोज ट्रे उचलताना बजावायचा. आपल्या मरणाची दोरी कुठं आहे ते माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो, दुसऱ्याला शोधावी लागत नाही. मळक्या खोलीचं दार ट्रेच्या शेजारीच. ताई आत गाठोडी सोडत ऐकत असायची.

त्या दिवसांत ताईजवळ डबा घेऊन बसणाऱ्या एकट्या मावशी होत्या. बाकीच्या आम्ही वासाचं कारण सांगून टाळायचो, खोटं कशाला बोलू. मावशींना त्या अॅपचं वेड लागलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा दारुडा. पगार बँकेत यायचा, बँकेचं कार्ड त्याच्याकडे आणि बँकेचे मेसेजही त्याच्याच फोनवर. जादा कामाचे पैसे मात्र आम्हाला रोख मिळायचे. ते मावशी कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे देऊन अॅपमध्ये भरायच्या. आत भरायला रोख चालायची, बाहेर काढताना मात्र पैसे बँकेतच जायचे. म्हणून मावशी काढायच्याच नाहीत. एका खोलीचं डिपॉझिट जमलं की मुलाला न सांगता घर सोडायचं ठरलं होतं. कुलूप घेऊनसुद्धा ठेवलं होतं. हे सगळं त्यांनी ताईला सांगितलं, आणि फोन दाखवून म्हणाल्या, "हे हिरवं बटण घ्यायचं, हे लाल विकायचं. लालला मी हातच लावत नाही बाई."

मोजणीच्या दिवशी कंपनीनं मोठा आकडा असलेल्यांना गावाबाहेरच्या हॉटेलात बोलावलं होतं. साहेब नटून गेले. अंगातला सुटाचा कोट एका डॉक्टरांचा, धुवायला आलेला. परत आणून ठेवीन म्हणाला. जाताना ताईच्या खोलीत डोकावून नाकाला रुमाल लावला. लावला नसता तर पुढचं झालं असतं की नाही, मला सांगता येत नाही. तो रुमाल मी पाहिला आणि माझाही जीव जळला.

ट्रेपाशी कोण बसणार असा प्रश्न आला. मॅनेजरबाई म्हणाल्या, "ताई, तू दाराशीच आहेस, आज तू बघ."

दुपारी ताई आत आली. हातात पंचा, पंच्यात फोन. "अंगठा लाव," म्हणाली.

आम्ही लावला! एकीनंही विचारलं नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा मी रोलरमधून पडदा ओढत होते, मान वळवायचीही तसदी घेतली नाही. माझं सिमेंट गेलं ते मला संध्याकाळी कळलं. विश्वासात घेऊन सांगितलं असतं तर मी हसत हसत दोन्ही अंगठे दिले असते. पण सगळ्यांनी दिले असते का? निम्म्या त्याला घाबरणाऱ्या, शिवाय त्याची मेहुणी खिडकीशी बसलेली. तिचाही अंगठा ताईनं घेतला, तिच्याच टेबलावर वाकून.

शेवटी मावशींचा फोन उरला.

तो ठेवून देता आला असता. आकडा केव्हाच ढासळला होता, गाडी गेली होती. हे ताईनंच मला सांगितलं आणि काही लपवून ठेवलं नाही. पण तिला वाटलं, एक उरला तर तो स्टेजवर म्हणेल, निदान एक तरी माणूस माझं आहे. तिला शून्य हवं होतं. पैसे बँकेत जातील, मुलगा आहे, हेही डोक्यात आलं. उद्या सकाळी मावशींना घेऊन बँकेत जाऊ, काढू, पुन्हा भरू, एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून तिनं ते मागे ढकललं. रागाला उद्या नेहमी मोकळाच दिसतो.

मावशींनी मात्र विचारलं. पूर्ण खोलीत त्या एकट्यांनी विचारलं. "कशाला गं?"

"काही नाही मावशी, अपडेट आहे."

मावशींनी एप्रनला अंगठा नीट पुसला आणि टेकवला. "झालं?"

"झालं."

पुढचं आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलं. ट्रेमधला एक फोन वाजला. तो थांबला तर दुसरा वाजला. मग तिसरा. साहेब तिकडून एकेकीला फोन लावत होते. तिकडे स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाचा आकडा झळकत होता, आणि हा माईक धरून 'माझी माणसं हीच माझी कमाई' असं म्हणत असताना लोक मागे बघून हसायला लागले होते. हे नंतर कळलं. इकडे ट्रे नुसता खडखडत होता. ताई समोर स्टुलावर बसली होती, गायनाला बसावं तशी. शेवटी तिचा स्वतःचा फोन वाजला. तो तिनं उचलला.

"ताई, आकडा शून्य दाखवतोय! सगळ्यांनी विकलंय! काय झालंय तिकडे?"

"तुला नाही कळायचं," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या क्षणी मला ती देवीसारखी वाटली. आजही त्या एका वाक्यासाठी मी तिच्या पाया पडेन.

सगळ्यांनी एकाच तासात विकलं म्हटल्यावर कंपनीला संशय आला आणि चौकशीचा फोन मॅनेजरबाईंना आला. कागदपत्रं कुणी वापरली, अंगठे कुणी घेतले, सगळं बाहेर पडलं. कोटाचं तर डॉक्टरांनीच बाहेर काढलं. साहेब आता गाडीवर गाठोडी चढवतात, आणि आम्ही त्यांना पुन्हा भाऊ म्हणतो, मुद्दाम, मोठ्यानं. ताईनं आमचे अंगठे घेतले त्यावर मॅनेजरबाईंनी तिला झापलं, पण टेबल परत दिलं. खिडकीशी उभी राहून तिनं पहिली चादर पसरली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या खात्यांत थोडे थोडे पैसे आले होते, कुणी तक्रार केली नाही.

मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या. विकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्यांच्या घरी गेली होती, बँकेत न्यायला. पैसे अजून जमा झाले नव्हते. ते आले रात्री, आणि मेसेज गेला मुलाच्या फोनवर. तो मित्रांना घेऊन जो गेला, तो तिसऱ्या दिवशी हात हलवत परत आला.

चौथ्या दिवशी मावशी आल्या. ताईनं टेबल सोडलं आणि धावत गेली. "मावशी, मी भरून देते. दर महिन्याला माझ्या पगारातून देते, पण देते."

मावशी ओरडल्या असत्या तर आम्ही मध्ये पडलो असतो.

"पैशाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो हिशोब सरळ होता. तुला मात्र मी विचारलं होतं."

मग त्या मॅनेजरबाईंकडे गेल्या आणि आपली बदली मळक्या खोलीत मागून घेतली. ह्या वयात कशाला, असं बाईंनी विचारलं. तिथं फोन आपल्याजवळ ठेवता येतो, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं त्यांनी बाईंना नाही, वाटेत मला सांगितलं. "आणि तिचं तोंड दिसत नाही."

जेवणाच्या सुट्टीत ताई दोन डबे घेऊन मळक्या खोलीच्या दाराशी गेली. मावशी गाठोडं सोडत होत्या. ताईनं हाक मारली, पुन्हा मारली. मावशींनी मान वर केली, माखलेले हातमोजे दाखवले आणि पायानं दार लोटून घेतलं.