अंगाबेताचा अभ्यास

भाषेचं पुस्तक पुन्हा चिंध्यांच्या पोत्यात सापडलं. टेलरबाईंनी ते बाहेर काढलं, त्याला चिकटलेले दोरे झटकले आणि मुलीकडे पाहिलं. दहा वर्षांची खारू बटणांच्या डब्यात इतकी बुडून गेली होती, की जणू पुस्तक नावाची वस्तू तिने जन्मात पाहिली नसावी.

"हे पोत्यात कसं गेलं गं?"

"पडलं असेल."

"रोज पडतं?"

"जड आहे ना ते," खारू म्हणाली आणि निळी बटणं वेगळी काढू लागली.

टेलरबाईंना हसावं की रडावं कळेना. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मध्ये कापड बेतायचं टेबल, भिंतीला मशीन, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडद्याचा आडोसा. खिडकीशी सासूबाई काजं-बटणं आणि हातशिलाई करत बसायच्या. खारूचे बाबा मालट्रक चालवायचे, त्यामुळे आठवडाभर घरात बायकांचंच राज्य. त्या राज्यात अलीकडेच एक शाळा उघडली होती आणि तिची एकुलती एक विद्यार्थिनी संपावर गेली होती.

खऱ्या शाळेत खारूचे फार हाल झाले होते. वाचायची पाळी तिच्यावर आली, की ती तोंड उघडायच्या आधीच वर्ग खिदळायला लागायचा. मग सकाळी पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शेवटी एका तज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितलं, की पोर हुशार आहे, फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ तिच्या डोक्यात सावकाश बसते; तिच्या पद्धतीने शिकवलं तर वाचेल. शाळेने हात जोडले. एवढ्या मुलांत एकट्या मुलीकडे कोण बघणार? तेव्हा टेलरबाईंनी तिला घरी बसवली आणि परवडेल असा वर्षभराच्या अभ्यासाचा खोका मागवला. सगळे विषय एकत्र, वर ठसठशीत छापलेलं: वय वर्षे दहा.

आता तो खोका टेबलाखाली होता आणि खारू घरात कुणाची पावलं वाजली तरी पुस्तक मिटून पडद्याआड पळत होती. ती कुठल्या परीक्षेत नापास होईल याची टेलरबाईंना फिकीर नव्हती. ही पोर वाचणं कायमचं टाकून देईल, ही एकच धास्ती त्यांना होती.

"काय गं," सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला, "तो खोका मागवताना माप घेतलं होतंस?"

"कसलं माप, आई?"

"नातीचं. दुसऱ्या कुणाचं?"

"खोक्यावर वय लिहिलंय की."

"वयावरून कपडा बेतणारा टेलर दाखव मला! परवा त्या बाईंना तूच सुनावलंस ना, 'मुलाला घेऊन या, नुसतं आठ वर्षांचा म्हणून मी कात्री लावणार नाही' म्हणून? सगळ्या गावाची मापं घेतेस आणि घरच्या पोरीला तयार माल आणतेस!"

टेलरबाई कानापर्यंत लाल झाल्या. सासूबाई जे बोलतात ते फटकळ असतं, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा बरोबर असतं. थोड्या वेळाने त्यांना हसू आलं, आणि कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं जरा हललं.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई खारूला घेऊन वाचनालयात गेल्या. तिथे एक ताई होत्या. त्यांच्या मुलालाही असाच त्रास होता आणि तो घरीच शिकून मोठा झाला होता. त्यांनी मागच्या खोलीत एक कपाट ठेवलं होतं, त्यात घरी शिकवायच्या अभ्यासाचे निरनिराळे संच. पाहिजे तो न्यायचा, वापरून बघायचा, परत आणून द्यायचा.

"सगळे विषय एकाच इयत्तेचे कशाला हवेत?" ताई म्हणाल्या. "बसा, कशात ती कुठवर पोचलीय ते आधी बघू."

खारूने गणितं भराभर सोडवली. दहा वर्षांच्या मुलांची झाली, पुढचीही चार सोडवली. वाचनाला मात्र ती दुसरीच्या धड्यात अडकली आणि टेबलावरची रेघ नखाने कोरू लागली. ताई घाई न करता थांबल्या, मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "छान. आता आपल्याला कळलं, कुठून सुरू करायचं ते."

टेलरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खारूचं वाचन ऐकून 'छान' म्हणणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

गणिताचं पुस्तक खोक्यातलंच चालणार होतं. प्रश्न भाषेचा होता. ताईंनी दोन संच दिले. एक रंगीत, गाण्यांचा, कॉम्प्युटरवर चालणारा आणि चांगलाच महाग. दुसरा साधा, काळ्या शाईत छापलेला. रोज थोडासाच पाठ, आणि आईने काय बोलायचं तेही लिहून दिलेलं. टेलरबाईंचा जीव रंगीत संचावर बसला. पोरीने एवढं सोसलंय, तिला स्वस्तातलं का द्यायचं?

"पक्कं शिवण्याआधी कपडा कच्च्या टाक्यांवर घालून बघतो ना, तसे आधी दोन्ही बघ," सासूबाई म्हणाल्या. "मग ठरव."

रंगीत संच खारूला फार आवडला. ती चित्रं बघून हसली, तिने गाणी पाठ केली आणि एक ओळही न वाचता सगळी उत्तरं बरोबर दिली. पोरगी भलती चलाख! साध्या संचात पळवाट नव्हती. एक अक्षर, त्याचा आवाज, बोटाने गिरवायचं, मग तेच अक्षर असलेले चारदोन शब्द. गिरवायला वाळू घ्या, असं त्यात लिहिलं होतं. दुकानात वाळू कशाला आणायची म्हणून टेलरबाईंनी उरलेल्या मखमलीची अक्षरं कापली. घ आणि ध मध्ये कायम फसणारी खारू डोळे मिटून त्यांवर बोट फिरवायची आणि सांगायची. चुकली तर पुन्हा फिरवायची. पळून गेली नाही.

"हाच बसतोय," टेलरबाई सासूबाईंना म्हणाल्या.

ताईंनी वाचनालयाची प्रत परत घेतली आणि नवी कुठे मिळेल ते सांगितलं. कपाटाच्या उपकारापोटी टेलरबाईंनी त्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवून दिले. शिलाई विचारली तेव्हा त्या असं काही बोलल्या, की ताईंनी पुन्हा विचारायची हिंमत केली नाही.

नवं पुस्तक आलं आणि खारूचं तोंड पडलं. वाचनालयाच्या प्रतीला कव्हर होतं; इथे कोपऱ्यात इयत्तेचा मोठा दोनाचा आकडा छापलेला होता.

"हे बारक्या पोरांचं आहे."

टेलरबाई खाली बसल्या. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं, पण नाही बोलल्या. "हो, बहुतेक ती पोरं ते लवकर वाचतात. तू आता वाचणार आहेस. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही."

"मला वाटतो."

"मग काप तो आकडा," खिडकीशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तयार सदऱ्याच्या गळ्याशी मापाच्या आकड्याची चिठ्ठी असते, ती मानेला टोचते म्हणून गिऱ्हाइकं कापायला लावतातच की आपल्याला. सदरा तोच राहतो."

खारूने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि लहान कात्री घेऊन तो कोपरा कापला. अगदी गोल आणि सफाईदार. हातात कला होती पोरीच्या.

दिवस जात राहिले. काही दिवस चांगले, काही दिवस पार वाया. कधी कालचं आलेलं आज पुसून जायचं, आणि टेलरबाई मशीनवर बसून स्वतःला बजावायच्या, की उसवलं तर पुन्हा शिवायचं, त्यात काय. ट्रकवरून फोन आला, की बाबा आधी विचारायचे, "शाळा चालू आहे ना?" आणि त्या म्हणायच्या, "चालू आहे." तेवढ्यावर दोघांना बरं वाटायचं.

एका दुपारी खारू टेबलाशी बसून मोठ्याने वाचत होती. गोष्ट नदीकाठच्या एका म्हाताऱ्याची होती. शब्द एकेक करून येत होते. मध्ये थांबा, मागे वळा, पुन्हा पुढे. एवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. पँट उंचीला कमी करायला टाकली होती, आणि स्वारी नेहमीप्रमाणे घाईत. "झाली का हो—" त्यांनी सुरुवात केली.

सासूबाईंनी सुई धरलेला हात वर केला. गृहस्थ तोंड उघडं ठेवूनच गप्प झाले.

टेलरबाईंनी मशीनवरचा पाय उचलला. त्यांचं लक्ष खारूकडे. आता पुस्तक मिटेल, आता ही उठेल. खारू एका लांब शब्दावर अडली. बोट शब्दाच्या सुरुवातीला परत गेलं. गृहस्थांनी बाहेर उभ्या स्कूटरकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मग दाराच्या चौकटीला टेकून तेही थांबले. शब्द सुटला. खारूने ओळ पुरी केली आणि पुढची घेतली.

टेलरबाई हलकेच उठल्या आणि त्यांनी फळीवरची पँट काढून गृहस्थांच्या हातात दिली. गृहस्थांनी मानेनेच आभार मानले आणि ते चपला न वाजवता पायऱ्या उतरले. त्या माणसाचं भलं होवो, असं टेलरबाईंना मनापासून वाटलं.

पान संपलं तेव्हा खारूने मान वर केली. दार उघडंच होतं.

"कोण आलं होतं?"

"एक काका. पँट घेऊन गेले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू वाचत होतीस ना," टेलरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.