अकरा वाजून दहा मिनिटं

घड्याळजींच्या घरात एकच नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. फोन बंद करायचा नाही.

नियम आठ महिन्यांपूर्वीचा. घड्याळजींच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेणं सुरू झालं आणि दवाखान्याच्या यादीत त्यांचं नाव लागलं. यादी सांभाळणाऱ्या बाईंनी नवराबायकोला समोर बसवून सगळं समजावलं होतं. "किडनी कधी मिळेल ते देवालाच माहीत. उद्या मिळेल, नाहीतर दोन वर्षांनी. मिळाली की आम्ही फोन करू. तीनदा करू, तासभर वाट बघू. तेवढ्यात तुम्ही उचलला नाहीत, तर पुढच्या माणसाला बोलावणार. आमचा नाइलाज असतो." फॉर्मवर दुसऱ्या नंबरासाठी जागा होती. घड्याळजींनी तिथे ऐटीत आडवी रेघ ओढली. "आमचा फोन बंद नसतो," म्हणाले. आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तू चालू करणाऱ्या माणसाला एवढी ऐट शोभते, असं तेव्हा त्यांच्या बायकोलाही वाटलं होतं.

त्या दिवसापासून फोनचे लाड सुरू झाले. घराला लागूनच असलेलं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या फळीवर घडी घातलेला नॅपकिन, त्यावर फोन, फोनला कायमची चार्जरची वायर. आवाज पूर्ण चढवलेला. बोलायचं ते एका मिनिटात. नणंदेने पहिल्या महिन्यात "वहिनी, तुम्ही माझा फोन कापता" म्हणून अबोला धरला, तो अजून सुटला नव्हता. बायको स्वतःच्या आईशीही आठ महिन्यांत मनासारखं बोलली नव्हती.

या कडक कायद्यातून घड्याळजींनी स्वतःपुरती एक पळवाट मात्र ठेवली होती. कुठलंही घड्याळ उघडलं, की प्रत्येक थराचा ते फोटो काढत. झाकण काढलं, फोटो. एक चाक उचललं, फोटो. कुठला स्क्रू कुठून आला हे पुन्हा जोडताना चुकायला नको. पूर्वी हे सगळं त्यांच्या डोक्यात राहायचं, आजारपणात डोकं दगा द्यायला लागलं होतं. "फोटोने लाईन अडत नाही," ते म्हणायचे. आणि ते खरंच होतं.

त्या दिवशी सकाळी ते दुकानात बसले, एका बाईंचं नाजूक मनगटी घड्याळ उघडलं, आणि थोड्या वेळाने उठून आत आले. "जरा पडतो," म्हणाले. बायको भाजी दुसऱ्यांदा उकळत होती. किडनीला न झेपणारे क्षार निघून जावेत म्हणून त्यांच्यासाठी भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यावं लागे, आणि प्यायचं पाणीसुद्धा मापाच्या पेल्याने द्यावं लागे. दहा मिनिटांनी तिने डोकावून पाहिलं तर स्वारी चक्क घोरत होती. आठ महिने हा माणूस धड झोपला नव्हता. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी ताडकन उठून बसायचा. तिला इतकं बरं वाटलं, की तिने मधलं दार हलकेच लोटून घेतलं आणि स्वतः गल्ल्यावर जाऊन बसली.

सेल बदलणं, पट्टा लावणं एवढं तिला येत होतं. दोन गिऱ्हाइकं आली, गेली. तिने फोनकडे पाहिलं. अकरा दहा. तिने पट्ट्यांचा खोका आवरला, काच पुसली, भिंग पुसलं, चिमटे ओळीने लावले. आत जाऊन डाळ उतरवली. येताना पुन्हा पाहिलं, अकरा दहा. 'आज कामं कशी पटापट होतायत,' तिच्या मनात आलं.

आता कुणी म्हणेल, घड्याळाच्या दुकानात बसलेल्या बाईला वेळ कळू नये? तर गंमत अशी, की जगात वेळ सगळ्यात कमी कळते ती घड्याळाच्या दुकानात. भिंतीवर सव्वीस घड्याळं होती आणि सव्वीस तऱ्हेची वेळ. कुणी दुरुस्तीला आलेलं, कुणी दुरुस्त होऊन परीक्षेला लावलेलं, कुणी मालकाची वाट बघत तीन वर्षं पावणेसातवर बसलेलं. लग्न होऊन या घरात आल्यावर भिंतीकडे न बघण्याची सवय तिने आधी लावून घेतली. खरी वेळ फोनमधली. घरात सगळे त्याच एका वेळेवर विश्वास ठेवत.

मग शाळेतल्या बाई आल्या. मनगटी घड्याळ त्यांचंच होतं.

"झालं का हो?"

"नाही अजून, उघडून ठेवलंय. तुम्ही आज लवकर सुटलात?"

"लवकर कुठलं! पावणेदोन होत आले. पोटात कावळे ओरडतायत."

बायको हसली. मग तिने फळीकडे पाहिलं. अकरा दहा. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने भिंतीवरच्या घड्याळांकडे आशेने पाहिलं. त्यातली चार-पाच दीड ते दोनच्या मध्ये होती.



तिने फोन उचलला. बोट फिरवलं, काही नाही. बाजूचं बटण दाबलं, काही नाही. दोन बोटांनी काच घासली, चार्जर काढला, पुन्हा लावला. पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं, वर अकरा दहा. शाळेतल्या बाई काहीतरी विचारत होत्या. "उद्या या," एवढंच ती म्हणाली, आणि दुकान उघडं टाकून पायात चप्पलही न घालता रस्ता ओलांडून गेली.

समोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशीची, धिप्पाड, बोलकी बाई ते चालवायची. तिला सगळे मोबाईलताई म्हणत. तिने बायकोचा चेहरा पाहिला आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"ताई, हा अडकलाय. सकाळपासून. आणि दवाखान्याचा फोन…"

"कळलं. आधी माझ्या फोनवरून दवाखान्याला लावा."

"नंबर ह्याच्यातच आहे. फाईलमध्ये आहे, पण फाईल ह्यांच्या उशाखाली. ते झोपलेत."

"बरं, बसा. शेवटचा कधी बंद केला होता?"

"बंद केलाच नाही."

"आज नाही हो. ह्याच्या आधी."

"आठ महिन्यांत नाही."

मोबाईलताईंनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, यंत्र झालं म्हणून काय झालं? अधूनमधून बंद करून चालू करावा लागतो. नाहीतर गच्च होतो. आता जबरदस्तीने बंद करायला लागेल. हे बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबून धरायची. पंधरा सेकंद."

"बंद?"

"दुसरा मार्ग नाही."

"आणि चालूच नाही झाला तर?"

"आता तरी कुठे चालू आहे?"

मुद्दा बिनतोड होता. आठ महिने जी गोष्ट करायची नाही म्हणून नणंदेचा अबोला सोसला, तीच करायची. आणि नेमका आता, ह्याच दोन मिनिटांत फोन आला तर? मोबाईलताईंनी बटणं दाबली. बायको मोठ्याने आकडे मोजायला लागली, जणू तिने मोजले नाहीत तर सेकंद पुढे सरकणार नव्हते. अकरा, बारा, तेरा. पडदा काळा झाला.

काळाच राहिला.

मग कंपनीची खूण उमटली. तिथेच अडकली. पुन्हा काळोख. पुन्हा खूण. तिने मोबाईलताईंचं मनगट धरलं होतं, हे तिला नंतर कळलं. तिसऱ्या खेपेला फोन उठला.

"जागा संपलीय," मोबाईलताई म्हणाल्या. "अकरा हजार फोटो! घड्याळांच्या पोटातले. म्हणून गळा आवळला ह्याचा. हा बघा शेवटचा, अकरा दहाचा." त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. उघडं मनगटी घड्याळ, कोपऱ्यात घड्याळजींच्या अंगठ्याचं टोक. "हा काढताना अडकला. काढणाऱ्याच्या हातातच."

बायको काही बोलणार, तोच रेंज आली आणि फोन तीनदा वाजला. तीन निरोप. तुम्हाला या नंबरवरून फोन आला होता. अकरा बेचाळीस. अकरा अठ्ठावन्न. बारा वीस. तिन्ही वेळा दवाखाना.

तिने लावला. 

"आम्ही तीनदा केला हो," यादीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. "संपर्काबाहेर सांगत होता. पावणेएकला पुढच्या पेशंटला बोलावलं. ते आले, त्यांना आत घेतलंय."

"आम्ही आत्ता निघालो तर? वीस मिनिटांत येतो. रिक्षा करते."

"आता नाही. तुमचं नाव यादीत आहेच. काळजी करू नका."

परत रस्ता ओलांडताना एक रिक्षावाला तिच्यावर ओरडला. तिला ऐकू आलं नाही. ती मोबाईलताईंचं एकच वाक्य मनात घोळवत होती. काढणाऱ्याच्या हातातच.

घड्याळजी उठून खाटेच्या कडेवर बसले होते. केस विस्कटलेले, चेहरा टवटवीत. गेल्या कित्येक महिन्यांत ते एवढे ताजे दिसले नव्हते. तिच्या हातातला फोन बघून तो टवटवीतपणा उतरला.

"फोन आला होता," ती म्हणाली. "तीनदा."

त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. तिने दिला नाही.

"किडनी आली होती. पुढच्याला दिली."

त्यांनी हात मागे घेतला.

"तुमच्या हातात अडकला हा. अकरा दहाला. तुम्हाला कळलं होतं का?"

ते नाही म्हणाले असते तर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला असता. तिला तेच हवं होतं.

"कळलं होतं," ते म्हणाले. "बटणं दाबून बघितली. हलेना. तुला हाक मारायला तोंडही उघडलं. आणि मग वाटलं, आता हा वाजणार नाही. अगं, आठ महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, एक तास पडू, मग सांगू. एकच तास. आणि डोळा लागला."

"एक तास!" ती ओरडली. "अहो, तेही एकच तास थांबतात!"

मग तिचा बांध फुटला. भाजी दोनदा उकळली ते, पाणी मोजून दिलं ते, आईशी धड बोलले नाही ते, सगळं तिने त्यांच्या अंगावर ओतलं. तुम्हाला जगायचंच नसेल तर मला आधी सांगायचं होतं, असंही म्हणाली. 

"जगायचंय गं," ती थांबल्यावर ते म्हणाले. "पण त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाही तर? मशीनवर का होईना, संध्याकाळी घरी तर येतो. तो फोन वाजला की मला निघावं लागणार, ह्याचीच धास्ती घेऊन मी रोज निजतो. तुला कसं सांगू? तू तर वाजावा म्हणून वाट बघतेस."

तिला सांगता आलं असतं, की तीसुद्धा घाबरते. फोन वाजल्याचं स्वप्न पडून ती दोनदा दचकून उठली होती आणि दोन्ही वेळा ते स्वप्नच होतं म्हणून तिला हायसं वाटलं होतं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. आताही सांगितलं नाही, कारण राग उतरला नव्हता. तिने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"लावा. यादीवाल्या बाईंना. नाव ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगा."

"तू बोल ना."

"मी नाही बोलणार."

त्यांनी फोन उचलला. केसाएवढी स्प्रिंग न हलता जागेवर बसवणारी त्यांची बोटं नंबर लावताना दोनदा चुकली. ती दाराला टेकून उभी होती. काढा म्हणाले तर आपण काय करणार, हे तिला ठाऊक नव्हतं. पलीकडे कुणीतरी उचलला.

"हां, मी घड्याळवाला बोलतोय. पेशंट." ते थांबले. "नाही, फोन बिघडला हे खरं. पण मी मुद्दाम तसाच ठेवला. घाबरलो होतो." पुन्हा थांबले, ऐकत राहिले. "नाव राहू द्या. पुढच्या वेळी मीच उचलेन."

बायको तिथेच खाली बसली. 

घड्याळजींनी फोन ठेवला नव्हता. "बाई, एक विचारू? ते दुसरे गृहस्थ… बाहेर आले का?"

पलीकडून उत्तर आलं. त्यांनी मान हलवली आणि फोन बाजूला ठेवला.

"अजून आतच आहेत म्हणाल्या."

त्या माणसाचा तिला राग यायला हवा होता. घरी येईपर्यंत आलाही होता. पण आता तो माणूस उठावा, धडपणे उठून बसावा, यापलीकडे तिला काही सुचेना. तो उठला तर आपलाही उठेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. घड्याळजींच्या मनात दुसरं काही नसावं, कारण त्यांनी तिचा हात धरला होता आणि सोडत नव्हते. डाळ निवून गेली, दुकान उघडंच राहिलं, आणि ज्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं त्या माणसासाठी दोघं तशीच उपाशी बसून राहिली.