कातडं चोरीचं, चीज माझं

माझा नवरा इसिदोर शेळीचोर होता. ही बातमी सगळ्या इकारिया बेटाला मीच दिली, आया मारीना या संतिणीच्या जत्रेत, सहाशे माणसांसमोर. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्या साली मी पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कातड्यातलं चीज घातलं होतं. तीन वाटे दूध शेळीचं, एक वाटा मेंढीचं, करडाच्या पोटातलं विरजण, आणि मीठ माझ्या अंदाजानं. कातड्याचे केस बारीक कातरून आतल्या बाजूला वळवायचे, कुस्करलेलं चीज ठासून भरायचं, तोंड आवळायचं आणि गुहेत टांगायचं. पाणी कातड्यातून ठिबकून जातं, चीज आत मुरतं. पाच महिने मी रोज त्याला कूस पालटून देत होते, तान्ह्या बाळाला देतात तशी. वास असा सुटला की सामोसला निघालेली बोट वाट सोडून आमच्या धक्क्याला लागली. कप्तान म्हणाला, वारा फिरला. वारा कसला डोंबलाचा.

जत्रेत जिच्या चीजचा तुकडा पहिला कापतात, तिचा मान वर्षभर. नऊ वर्षं तो मान अर्गिरोकाकूकडे होता. आमचे पाद्री पापा-कोस्मास, त्यांनी दोघींचं चाखलं. माझं दुसऱ्यांदा चाखलं. मग तिसऱ्यांदा. आणि दातांतून एक केस काढला.

केसाचं काही नाही, एखादा निघायचाच. पण हा मुळाशी पांढरा आणि टोकाला तांबडा. काकूनं तो उन्हात धरला.

"ही तर माझी तांबडी शेळी, रूसा," ती म्हणाली. "नाताळात हरवलेली."

इसिदोर स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. 'डोंगरावर सापडलं' म्हणून त्यानं आणून दिलेलं कातडं कुठलं, ते मला तेव्हा कळलं.

काकू मोठी हुशार. आजूबाजूला लोक बोटं चाटत होते, ते तिनं बघितलं आणि सूरच बदलला.

"अगंबाई, विसरलेच. हरवली कुठे, मीच दिली की पोरीला. चव येणारच, कातडंच माझ्या घरचं. मान दोघींचा, काय?"

"हो म्हण, दोकिया," इसिदोर कानाशी कुजबुजला. "सुटतो आपण."

"बोल पोरी," पापा-कोस्मास म्हणाले. "दिली की चोरली?"

दिली म्हटलं की नवऱ्याची अब्रू वाचते, आणि माझं चीज अर्धं होतं.

"चोरली," मी म्हणाले. "ह्यानं चोरली. काकूनं मला एक केससुद्धा दिलेला नाही. दूध माझं, मीठ माझं, पाच महिने राबले मी. कातडं चोरीचं, चीज माझं."

"अगं, नवरा आहे तो तुझा," मागून कुणी म्हणालं.

"म्हणून तर खात्रीनं सांगते."

पापा-कोस्मासांनी आधी चौथा घास घेतला, मग निवाडा केला. एका शेळीच्या दोन परत करायच्या. पहिला तुकडा दोकियाच्या चीजचा.

इसिदोर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. चीज तेवढं रोज मागायचा, खुणेनं.

शेळ्या पोचवायला मीच गेले, गावाच्या मधल्या वाटेनं, मान ताठ. काकूनं त्या बांधल्या, दोन्हीकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "पोरी, मीठ किती घालतेस गं?"

मी सांगितलं. दुप्पट सांगितलं.