उतारावरचे पाच घाव

मोटारसायकल वरून येत होती आणि त्या तिघी खालून चढत होत्या. सकाळचे दहा वाजले होते. उन्हाला अजून धार आली नव्हती, खाली समुद्र निवांत पडला होता, आणि तिघी धापा टाकत एकमेकींशी भांडत होत्या.

भांडण चढावरून होतं. शहर अख्खं टेकडीवर चढलेलं. घरांच्या डोक्यावर घरं, गल्ल्या अशा उभ्या की वरच्याच्या अंगणातून खालच्याचं छप्पर पुसता यावं. सगळ्यात वर एक जुना बुरूज होता आणि तिथून म्हणे बंदर, बोटी, पलीकडची बेटं असं सगळं एका नजरेत मावायचं. उंटिणीला तिथं चालतच जायचं होतं. ती शाळेत खेळाची शिक्षिका, उंची दारात वाकून जावं लागेल एवढी. हे नाव तिला वसतिगृहात पडलं ते तीस वर्षं उलटली तरी सुटलं नव्हतं. शिंपिणीला बस हवी होती. तिचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं आणि बसून बसून दोन्ही गुडघे कामातून गेले होते.

तिसरी फोटोवाली. ती एका मोठ्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं एक्स-रे काढत होती. पेशंट तिला 'फोटोवाल्या बाई' म्हणत, म्हणून मैत्रिणीही तेच म्हणत. माणसाच्या आतले फोटो ती डोळे झाकून काढायची, पण बाहेरचे काढायला दिले की कुणाचे पाय गायब, कुणाचं कपाळ. तरी त्या दिवशी मोबाइल तिच्याच हातात होता, कारण बाकी दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. दोघी आणि मागं वरचा बुरूज एका चौकटीत बसावा म्हणून ती मागं मागं सरकत वळणापर्यंत उतरली होती. तिथं रस्त्याची दुरुस्ती चालू होती. उखडलेले चौकोनी दगड रचून ठेवलेले, बाजूला वाळूचा ढीग, एक घमेलं, आणि कामगार चहाला गेलेले.

"पोट आत घे गं," ती शिंपिणीला म्हणाली.

तेवढ्यात मोटारसायकल आली. दोघं जण होते. मागं बसलेल्यानं वाकून शिंपिणीच्या गळ्यातली पिशवी धरली आणि पुढच्यानं गाडी पळवली.

पिशवीत तिघींचे पासपोर्ट होते. ती शिंपिणीनं खास या प्रवासासाठी शिवली होती. जाड कॅनव्हास, पट्ट्याला नायलॉनच्या दोऱ्याची तिहेरी शिवण, वर जोडाला चामड्याचा तुकडा. निघण्याआधी तिनं ती दाराच्या कडीला अडकवून स्वतः लोंबकळून दाखवली होती. दुसरी कुठली पिशवी असती तर पट्टा तुटला असता आणि चोर पिशवी घेऊन गेले असते. ही तुटली नाही. पट्टा शिंपिणीच्या काखेत आवळला आणि गाडीमागं ती आडवी ओढली गेली.

दगडांवरून माणूस घासत जाताना जो आवाज होतो तो फोटोवालीनं आधी कधी ऐकला नव्हता. त्यात शिंपिणीचं ओरडणं नव्हतं, कारण तिला ओरडायला श्वासच उरला नव्हता. चप्पल एकीकडं उडाली. साडेतीन मजल्यांचा तो उतार ती आधी पाठीवर, मग कुशीवर, मग तोंडावर आली. वळणावर वजनानं गाडी घसरली आणि दोघं चोर आडवे झाले. पुढच्यानं गाडी उचलली, एकदा मागं पाहिलं आणि साथीदाराला टाकून निघून गेला.

मागं राहिला तो पंचविशीचा असेल. तोही खरचटला होता. त्यानंही पळून जायला हवं होतं, पण पिशवी अजून त्याच्या मुठीत होती. त्यानं खिशातून चाकू काढला, शिंपिणीच्या छातीवर गुडघा रोवला आणि पट्टा कापायला लागला. तिहेरी शिवण कापता कापेना. चाकू निसटून तिच्या दंडात गेला. मग मात्र ती ओरडली.

फोटोवालीच्या हातात मोबाइलऐवजी हातोडा कधी आला ते तिला पुढं कितीही विचारलं तरी सांगता आलं नाही. दगड बसवायचा लोखंडी हातोडा होता, हातभर दांड्याचा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि चाकूच्या हातावर घातला. मनगटाच्या चार बोटं वर. दोन्ही हाडं एकदम गेली. तिला ते बघावं लागलं नाही, आवाजावरूनच कळलं. चाकू टणटणत उतारावरून खाली गेला. तो माणूस शिंपिणीवरून बाजूला कलंडला आणि आपला हात मांडीवर घेऊन त्याच्याकडं बघत बसला, जणू कुणी दुसऱ्याचाच हात त्याच्या मांडीवर आणून ठेवला होता.

तिथं ते संपलं होतं. वरून उंटीण धावत येत होती आणि ओरडत होती, "झालं, झालं, सोड त्याला."

तो उठायला गेला. फोटोवालीनं गुडघ्यावर मारलं. वाटी फुटली. तो पालथा पडला तेव्हा खांद्यावर मारलं. मग तो कुशीवर वळला आणि बरगड्या समोर आल्या, तिथं मारलं. प्रत्येक वेळी कुठं मारायचं ते तिला नेमकं दिसत होतं. कातडीच्या आत जे असतं ते बघण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. तो काहीतरी बोलत होता. भाषा कळत नव्हती, पण त्यानं धड हात मोडक्या हाताखाली घालून दोन्ही पुढं केले होते, आणि ते कुठल्याही देशात कळतं. तिलाही कळलं. तिनं त्याच्या जबड्यावर मारलं.

सहाव्यांदा हातोडा वर गेला तेव्हा उंटिणीनं मागून मिठी मारून तिला उचललं. फोटोवालीचे पाय जमिनीला लागत नव्हते. ती लाथा झाडत होती आणि मागं झटका देताना हातोड्याचा दांडा उंटिणीच्या तोंडावर बसला. उंटिणीचा पुढचा दात पडला, ओठ फाटला, रक्त दोघींच्या अंगावर आलं, पण तिनं मिठी सोडली नाही. तशीच तिला घेऊन ती वाळूच्या ढिगावर बसली आणि तिच्या कानाशी म्हणत राहिली, "मी आहे. अगं, मी आहे."

चहाला गेलेले कामगार परत आले तेव्हा त्यांना हे दिसलं.

इस्पितळ खाली बंदरापाशी होतं. शिंपिणीला स्ट्रेचरवर एक्स-रेला नेलं तेव्हा फोटोवाली बरोबर गेली. तिथली तंत्रज्ञ तरुण मुलगी होती. आपण एकाच धंद्यातल्या, हे फोटोवालीनं खुणांनी सांगितल्यावर तिनं हसून तिला आत काचेमागं उभं राहू दिलं. शिंपिणीचं गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं, बाकी सगळं कातडीवर निभावलं होतं. मग पुढच्या पेशंटचे फोटो पडद्यावर आले. मनगटाच्या चार बोटं वर दोन्ही हाडं. वाटीचे तीन तुकडे. खांदा. सातवी आणि आठवी बरगडी. जबडा दोन जागी.

ती मुलगी जीभ टाळ्याला लावून च्च च्च करत होती. तिनं मोबाइलमध्ये काहीतरी बोलून भाषांतर फोटोवालीपुढं धरलं. पडद्यावर आलं होतं, "हा पडलेला नाही. कुणीतरी खूप रागानं मारलं आहे."

फोटोवालीला ते वाचायची गरज नव्हती. पडला की मारला, हे फोटोवरून तिनं किती वेळा पोलिसांना सांगितलं होतं. सासरच्यांनी मारलेल्या सुना, बापानं मारलेली पोरं, 'जिन्यावरून पडली' म्हणून आणलेली. घाव वेगवेगळ्या बाजूंनी आले की पडण्याची गोष्ट खोटी असते.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत तिघी बसल्या. शिंपिणीचा हात गळ्यात, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. उंटिणीचा ओठ सुजून नाकाला भिडलेला. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी जबानीला बोलावलं होतं.

"चाकू त्याच्या हातात शेवटपर्यंत होता, असं सांगायचं," शिंपीण म्हणाली. "तिघींनी एकच सांगायचं. कुणाला काय कळतंय."

"मी नाही सांगणार," उंटीण म्हणाली. दात गेल्यामुळं शब्द फुसफुसत बाहेर येत होते.

"का? तुझा दात पडला म्हणून? तिनं काय मुद्दाम पाडला?"

"दात जाऊ दे. पहिल्या फटक्यातच चाकू खाली गेला होता. मी वरून बघत होते. त्यानं हात जोडले होते गं."

"आणि मला फरफटत नेलं ते? माझ्या छातीवर बसला होता तो. तू वरून बघत होतीस, मी खालून बघत होते. हिनं मारला नसता तर तुम्ही मला पेटीत घालून घरी नेलं असतं. मी तर म्हणते अजून दहा घालायला हवे होते."

शिंपीण रडायला लागली आणि रडताना हाड हललं म्हणून कण्हायला लागली. फोटोवाली उठून तिच्या पाठीमागं उशी नीट करायला गेली. शिंपीण, जी तिच्यासाठी एवढं भांडत होती, फोटोवालीचा हात अंगाला लागताच दचकून मागं सरकली. मग तिनं ओशाळून तो हात धरला. पण दोघींनाही जे कळायचं ते कळलं होतं.

"मला बरं वाटत होतं," फोटोवाली म्हणाली.

"काय बरं वाटत होतं?"

"मारताना. पहिला मारला तो तुझ्यासाठी. तेव्हा घाबरले होते मी. पुढच्या चारांना भीती नव्हती. अंगातून काहीतरी मोकळं होत होतं. त्यानं हात जोडले ते मला कळलं होतं. कळूनच मारला."

खाली बंदरात एक बोट भोंगा वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात चौकशीला एक प्रौढ बाई होत्या, केस आखूड कापलेल्या. दुभाषा फोनवर होता, आपलीच भाषा पण जरा पुस्तकी बोलणारा. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. बाईंनी ते दाखवलं. चित्राला आवाज नव्हता. एक बुटकी, जाडसर, स्वेटर घातलेली बाई हातोडा वर करते आणि खाली आणते, वर करते आणि खाली आणते, धुणं बडवावं तशी. फोटोवालीनं शेवटपर्यंत पाहिलं.

"अधिकारी विचारत आहेत, दुसऱ्या प्रहारापासून आपणास जिवाचं भय होतं काय," दुभाषा म्हणाला.

तिच्या शेजारी शिंपिणीनं तिच्या पायावर पाय ठेवून दाबला.

"नाही," फोटोवाली म्हणाली. "भय नव्हतं. लिहून घ्या तसं."

"ताई, विचार करून बोला," दुभाषा हळूच म्हणाला, आणि या वेळी त्याची भाषा पुस्तकी नव्हती.

"केलाय विचार."

चार दिवसांची सहल तीन आठवड्यांची झाली. परतीचं विमान त्यांच्याशिवाय उडालं. शिंपिणीचा नवरा फोनवर रोज आधी रागवायचा आणि मग तिला जेवलीस का विचारायचा. उंटिणीला शाळेतून नोटीस आली तरी ती हलली नाही. कोर्टात मिळालेला वकील तरुण होता आणि घाईत असायचा. शेवटी न्यायाधीशांनी पहिला घाव बचावाचा मानला आणि पुढचे चार गुन्ह्याचे. शिक्षा झाली, पण तुरुंगात न जाता घरी परतायची मुभा मिळाली; त्या देशात पुन्हा यायचं नाही, अशी अट होती. चोराचीही तुरुंगात रवानगी झालीच असती, पण तो अजून इस्पितळात होता. जबडा तारेनं बांधलेला. वाटी फुटलेला पाय आता नीट वाकणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्याची आई कोर्टात यायची, मागच्या बाकावर बसायची. ती फोटोवालीकडं टक लावून बघत नसे की शिव्याही देत नसे. एकदा बाहेर पडताना दोघी एकाच दारात आल्या, तर तिनं बाजूला होऊन फोटोवालीला वाट दिली. घाबरून दिली. ते फोटोवालीला शिक्षेपेक्षा जड गेलं.

घरी आल्यावर ती आठ दिवसांत कामावर रुजू झाली. मोडलेला हात प्लेटवर ठेवताना ती आता पेशंटला आधी विचारायची, "धरू का?" लोकांना वाटायचं, बाई किती हळुवार आहेत.

शिंपिणीच्या दुकानात मात्र ही गोष्ट रोज सांगितली जात होती. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका दंडावरचा व्रण बघायच्या आणि ती रंगवून सांगायची. एका रविवारी उंटीण आणि फोटोवाली दोघी तिथं होत्या. उंटिणीनं नवा दात बसवला होता, तो बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा होता.

"आणि मग हिनं एकच घातला असा," शिंपीण कात्री उगारून म्हणाली, "की चाकू तिकडं आणि मेला इकडं."

"पाच घातले," फोटोवाली म्हणाली.

बायका हसल्या. त्यांना ती बढाई वाटली. शिंपिणीची नवी कारागीर मशीन थांबवून कौतुकानं म्हणाली, "असंच पाहिजे, काकू."

"नाही," फोटोवाली म्हणाली. "एक पाहिजे होता. बाकीचे चार नको होते." आणि तिनं गुडघ्यापासून जबड्यापर्यंत एकेक घाव सांगितला, हात जोडलेले सांगितले, दारात बाजूला झालेली आई सांगितली. कुणी हसलं नाही. माप द्यायला आलेली एक बाई टेप गळ्यात तसाच ठेवून उभी होती.

शिंपीण रागानं कापड कापायला लागली. "झालं समाधान? माझं गिऱ्हाईक पळवलंस."

उंटीण स्टुलावरून उठली, फोटोवालीच्या शेजारी बाकावर येऊन बसली. तिथं जागा कमी होती, तरी बसली.

"सरक जरा," ती म्हणाली.