पश्चात्तापाचं प्रकरण

पयोम जन्मापासून आंधळी होती. लाम्पांग शहरातल्या बाजारामागे मालिश करून पोट भरायची आणि फावल्या वेळात पुण्यवान लोकांच्या चुका काढायची. डोळस मंडळी पुण्य मिळावं म्हणून आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत आणि ग्रंथालय ती आधी पयोमकडे पाठवी. तिनं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पुस्तक पुरं होत नसे. पुस्तक पुरं झाल्याशिवाय वाचणाऱ्याला मंचावर बोलावून प्रशस्तिपत्रही मिळत नसे.

या खेपेचा पुण्यवान होता तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, विरात. त्यानं निवडली होती एक गाजलेली जुनी कादंबरी. तिच्यातला सागाचा व्यापारी बायकोला नदीत बुडवतो आणि ते सगळं स्वतःच, जेवायला आग्रह करावा इतक्या प्रेमानं सांगत बसतो. रेकॉर्डिंगला घर शांत हवं म्हणून विरातनं बायकोला, लमूनला, पुस्तक संपेपर्यंत पयोमकडे धाडलं होतं.

पहिल्याच दिवशी बहिणीच्या पाठीला तेल लावताना पयोमच्या बोटांना कळायचं ते कळलं. न्हाणीघरात पडले, लमून म्हणाली. बरगडीवर, दंडावर आणि मानेवर एकदमच पडायचं म्हणजे कसरतच झाली. पयोमनं पुस्तकात चुका काढायला घेतल्या. उच्चार चुकला, पान वाजलं, मागं बदक ओरडलं. बदक खरोखर ओरडलं होतंच असं नाही. पण पुस्तक रखडेल तेवढे दिवस लमूनला मार नव्हता.

तिच्याबरोबर रेकॉर्डिंग ऐकणारे मालिशच्या दुकानातले सगळे आंधळे मात्र विरातवर खूश. सगळ्यांत म्हातारे खामकाका म्हणायचे, काय नीच माणूस आहे, ऐकतच राहावंसं वाटतं.

शेवटी चुका संपल्या. उरलं ते एकच प्रकरण. त्यात व्यापारी बायकोच्या पाया पडून रडतो, ती विरघळते आणि त्याच्याबरोबर होडीत बसते. पश्चात्ताप खोटा वाटतो, असा शेरा मारून पयोमनं तेही परत पाठवलं. त्याच सुमारास विरातनं लमूनला फोन केला. काय बोलला कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर ती नाक ओढत पिशवी भरायला लागली. माणूस बदलतो, असं तिचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी विरात तिला न्यायला थेट दुकानातच आला. येताना पयोमचा शेराही मनात घेऊन आला होता.

“व्यापारी खोटंच रडतो, ताई,” तो म्हणाला. “पण ऐकणारीला ते कळता कामा नये. नाहीतर ती होडीत बसेल कशाला?”

“तुम्हाला जमलं नाही, विरातराव. सगळ्यांनाच जमत नाही.”

हे त्याच्या भलतंच जिव्हारी लागलं. पुस्तक न उघडताच त्यानं घसा साफ केला. मग हलक्या, भिजल्या आवाजात सुरुवात केली, “चुकलं माझं. हा हात तुटला असता तर बरं झालं असतं.” थोडा थांबला. “तुझ्याशिवाय मला आहे कोण?”

मालिश थांबली. खामकाका गिऱ्हाइकाच्या पाठीवरच टिपं गाळू लागले.

“बघा,” विरात खुशीत म्हणाला. “खरं वाटलं की नाही?”

“दर वेळी वाटतं,” लमून म्हणाली.

पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मी येत नाही, एवढंच ती पुढं बोलली.

“चल म्हणतो ना.”

हा आवाज पुस्तकात कुठंच नव्हता. तरी खोलीतल्या सगळ्यांनी तो ओळखला. खामकाका चाचपडत पुढं आले आणि त्यांचे अंगठे नेमके विरातच्या मानेवर टेकले.

“साहेबांची मान फार आखडलीय,” ते म्हणाले. “आडवं करा रे यांना.”

बाकीचेही हात पुसत उठले.