बिनडोक पुतळा आणि अक्काची पदवी

मित्रांनो, मला डोकं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी तुम्हीच म्हणाल, की हा बिनडोक आम्हाला शिक्षणाच्या गोष्टी कुठून सांगायला लागला! मला हातही नाहीत. पाय म्हणून एक लाकडी दांडा आहे आणि मानेच्या जागी गुळगुळीत लाकडी गोटी. मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. ज्याच्या अंगावर कपडे चढवून बघतात, खांदा उतरला का, घेर सारखा पडला का ते पाहतात, तो मी.

माझा जन्म कागदाचा. एका कारागिराने साच्यावर कागदाचे थर खळीने चिकटवले आणि मला उन्हात वाळत ठेवलं. वाळल्यावर साच्यातून काढण्यासाठी त्याने मला मधोमध चिरलं आणि पुन्हा जोडलं. वरून जाडंभरडं सुती कापड ताणून शिवलं. तो माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाला, "वाजतोय बरा. टिकेल." आयुष्यातलं पहिलं कौतुक म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

मग मला मास्तरांनी दुकानात आणलं. दुकान लहान होतं. एक कापायचं टेबल, दोन मशिनं, भिंतीला एक उभा आरसा आणि दाराशी मी. मास्तर म्हणजे शिवणकामातले मास्तर, शाळेतले नव्हेत. पण त्यांचा दरारा शाळेतल्या मास्तरांहून जास्त होता. ते दिवसभर माझ्या अंगात टाचण्या खुपसत. माणसं एकमेकांना नुसतं टोचून बोलतात तर केवढी रडारड होते! मी मात्र कधी हूं की चूं केलं नाही. नवा झगा माझ्या अंगावर चढला की रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थबकत आणि म्हणत, "काय शोभतंय बाई!" माझी कंबर तेव्हा त्या दुकानाची शान होती. थोडा माज मलाही आला होता, खोटं कशाला सांगू?

मास्तरांची मुलगी शाळा सुटली की दुकानात यायची. सगळी गल्ली तिला लहानपणापासून अक्काच म्हणते, कारण ती जन्मली तेव्हापासून मोठ्या माणसासारखी वागायची. एकदा तिने एक चेंडू घेतला आणि त्यावर कापडाचा तुकडा पसरायला लागली. एका बाजूने सपाट केला की दुसरीकडे चुणी पडायची. तिकडची चुणी काढली की इकडे पडायची. तिने विचारलं, "बाबा, असं का होतं? कापड गोल गोष्टीवर सपाट का बसत नाही?"

"नाही बसत. म्हणून तर आपण कापडाला चिमटा घेऊन टक्स घालतो."

"पण का नाही बसत?"

"अगं, नाही बसत म्हणजे नाही बसत! बटणं लाव त्या सदऱ्याची."

तिने बटणं लावली. पण तो चेंडू ती बराच वेळ हातात फिरवत राहिली.

अक्का गणितात हुशार होती. बारावीच्या निकालाचा दिवस मला आठवतो. ती धावत आली आणि आनंदाच्या भरात माझ्याच गळ्यात पडली, कारण मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेत होते. त्याच वर्षी मास्तरांची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवता येईना. अक्का म्हणाली, "एक वर्ष मी बसते मशिनवर. पुढच्या वर्षी बघू कॉलेजचं." मित्रांनो, ते पुढचं वर्ष काही लवकर आलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, मास्तर थकले, मग गेले. अक्का मशिनवर बसली ती बसलीच. तिने कधी तक्रार केली नाही. काम तर इतकं सुबक करायची की मलाही नटावंसं वाटे.

पुढे बाजारात तयार कपड्यांचे ढीग आले. शिवून घेणारे कमी झाले. माझी रवानगी दाराशेजारून मागच्या कोपऱ्यात झाली. माझ्यावर जुने पडदे टाकले जाऊ लागले, खांद्याशी कापड फाटून आतला कागद दिसू लागला. ज्याच्यासाठी बायका थबकत होत्या, त्याच्यावर आता छत्री अडकवत. मला वाईट वाटलं. पण कोपऱ्यात पडलेल्याला ऐकू जास्त येतं, आणि म्हणूनच ही गोष्ट मला माहीत आहे.

झालं असं, की शिवणवर्ग चालवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "अक्का, आमच्याकडे शिकवायला या. कायमची जागा आहे. फक्त पदवी पाहिजे, तेवढी अट आहे. आणि आता कपडेशास्त्राची एक पदवी निघाली आहे बघा, तिथे कामाचा अनुभव धरतात. तुमची अर्धी पदवी झाल्यातच जमा!"

त्या दिवसापासून घरात पदवीशिवाय दुसरा विषय नाही. दुकानाच्या मागेच घर असल्याने सगळं मला ऐकू यायचं. अक्काची मुलगी चिमणी तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "आई, कपड्यांचीच पदवी घे. तुला सगळं येतंच. झोपेत पास होशील." अक्काचा नवरा बसचा ड्रायव्हर. गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. ते म्हणाले, "नाहीतर वाणिज्य घे. बी.कॉम. झालीस तर दुकानाच्या कामी येईल." शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "बी.ए. करून टाका, सोपं असतं." स्वतः त्याने बी.ए. केलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. जो तो उंटावरून शेळ्या हाकत होता. अक्का सगळ्यांना "बघते" म्हणायची आणि मशिन जोरात चालवायची.

शेवटी तिने कपड्यांची पदवी घ्यायचं ठरवलं. सगळ्यांना हायसं वाटलं. एकट्या तिचा चेहरा पडलेला होता, आणि ते फक्त मला दिसत होतं, कारण बाकीचे तिच्याकडे बघतच नव्हते.

कॉलेजात नाव घालायला जाताना नवा पोशाख हवा म्हणून चिमणीने हट्ट धरला. अक्काने सवयीप्रमाणे कापड उचललं आणि माझ्या अंगावर लावलं. तेव्हा चिमणी ओरडली, "आई, तू अजून तुझे कपडे या पुतळ्याच्या मापाने कापतेस?"

अक्काने दचकून आरशात पाहिलं. खरंच की! ती विशीत होती तेव्हा तिचं आणि माझं माप एक होतं. तेव्हापासून ती स्वतःचा प्रत्येक कपडा माझ्यावर बेतत आली होती, आणि मग बगलेत उसव, बाजूला सोड, असं करत घालत होती. गावभराची मापं घेणाऱ्या बाईचं माप मास्तरांनंतर कुणी घेतलंच नव्हतं. स्वतःचं स्वतःला घेताही येत नाही, मित्रांनो. फीत धरायला हात उचलला की खांदा हलतो आणि माप चुकतं.

चिमणीने फीत घेतली. अक्का लगेच छाती काढून, श्वास रोखून उभी राहिली. तिची गिऱ्हाइकं नेमकी अशीच उभी राहायची आणि ती त्यांना रागवायची. आता चिमणीने तेच ऐकवलं, "आई, श्वास सोड. रोज उभी असतेस तशी राहा. नाहीतर कपडा दुसऱ्याच कुणाला तरी बसेल."

अक्काने श्वास सोडला. खांदे खाली आले. आणि त्याबरोबर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं गं?"

"मला ती पदवी नकोय, चिमणे."

"मग काय हवंय?"

अक्काने डोळे पुसले. मग चोरी केल्यासारखी हळूच म्हणाली, "गणित."

चिमणीला हसू आलं, कारण तिला स्वतःला गणित म्हटलं की ताप भरायचा. पण आईकडे पाहून तिने हसू गिळलं. तिने फीत खाली ठेवली आणि आईला जवळ घेतलं. मला हात नाहीत याचं दुःख फार वेळा झालं नाही. त्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी दोघी कॉलेजात गेल्या. तिथला प्रसंग चिमणीने नंतर मला अभिनयासकट ऐकवला. अक्काने खिडकीतल्या कारकुनाला सांगितलं, "बी.एस्सी.ला नाव घालायचंय." तो म्हणाला, "ताई, त्याला रोज दुपारी प्रयोगशाळा असते. जमेल?" दुपारी दुकान बंद ठेवणं शक्यच नव्हतं. अक्का "बरं" म्हणून मागे वळली. रांगेत मागे कुणी नव्हतं म्हणून असेल, की तो माणूसच चांगला होता म्हणून, त्याने पुन्हा हाक मारली. "पण ताई, तुम्हाला विषय कोणता हवाय?"

"गणित."

"मग बी.एस्सी.च कशाला? आमच्याकडे बी.ए.लासुद्धा गणित घेता येतं. तेच गणित, तेच शिक्षक. सोबत भाषा, तत्त्वज्ञान असे विषय येतात. वर्ग संध्याकाळी. फक्त संध्याकाळचे वर्ग म्हणून वर्षं जास्त लागतील, आणि कामाचा अनुभव इथे धरत नाहीत. पहिल्यापासून सुरुवात."

गणित म्हणजे बी.एस्सी. असं दोघी धरून बसल्या होत्या. पदवीचं नाव आधी आणि विषय मागून, असा उलटा विचार चालला होता.

पण वाट सापडली म्हणजे चालणं सोपं झालं असं नाही. शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, "अक्का, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय. जागा मी थांबवून ठेवू शकत नाही." आणि ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, "अगं, या वयात गणित शिकून करायचं काय?"

"करायचं काही नाही हो," अक्का म्हणाली. "मला ते कळायला हवंय. बस्स."

यावर ते उठून आत गेले. ते चिडले नव्हते, पण त्यांना समजलंही नव्हतं. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. अक्का कापड कापताना मध्येच थांबायची. चांगली चालून आलेली जागा होती ती. आपण वेडेपणा करतोय का, असं तिने मला दोनदा विचारलं. मी काय सांगणार? तिसऱ्या दिवशी तिने शिवणवर्गाच्या बाईंना नकार कळवला आणि बी.ए.ला नाव घातलं.

पहिल्या वर्गाच्या संध्याकाळी तिने स्वतःच्या मापाचा पोशाख घातला आणि गेली. वर्गातल्या मुलांना ती शिक्षिकाच वाटली आणि सगळी उभी राहिली म्हणे! परत आली तेव्हा ड्रायव्हरसाहेब दुकानात तिचीच वाट बघत बसले होते. त्यांनी तिच्यासाठी चहा केला होता, पहिल्यांदाच, आणि बराच गोड. कप तिच्या हातात देत त्यांनी खाली बघत विचारलं, "मग? आज काय शिकवलं?"

मित्रांनो, अक्का चिमणीला हा प्रश्न बालवाडीपासून विचारत आली होती. पण तिला स्वतःला तो विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिने कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "अहो, मूळ संख्या असतात ना, ज्यांना एक आणि ती संख्या सोडून दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, त्या कधी संपतच नाहीत."

"कुणी मोजून बघितलं?"

"तेच तर सांगतेय! मोजावंच लागत नाही. नुसत्या विचाराने सिद्ध होतं. बसा, दाखवते."

तिने खडू घेतला आणि कापायच्या टेबलावरच लिहायला लागली. ड्रायव्हरसाहेबांना अर्धंअधिक कळलं नसावं. पण ते मान हलवत राहिले आणि मध्येच "थांब, हे परत सांग" म्हणाले. ती परत सांगत होती. तिचा चहा तसाच गार होऊन गेला.

पदवीला अजून पुष्कळ अवकाश आहे. ती शिवणवर्गातली जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली. अक्का एका परीक्षेत नापास झाली आणि त्या विषयाला पुन्हा बसली. मध्ये एका रविवारी तिने माझा फाटका खांदाही शिवून दिला. मी अजून उभा आहे.

तुम्हाला एकच विनंती करतो. तुम्ही घरी आलात की तुम्हाला कुणीतरी रोज विचारतं, आज शाळेत काय शिकवलं? तुम्ही "काही नाही" म्हणून दप्तर फेकता. तुमच्याही घरात एखादी आई, एखादे काका, एखादी आत्या या वयात पुस्तक उघडून बसत असेल. त्यांना "आता कशाला?" असं विचारू नका, ते विचारणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "आज काय शिकवलं?" मग उत्तर कळो न कळो, पूर्ण ऐका.